आरोग्यविचार : भर दुपारीं अंधुक कां दिसतें?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. तो येथें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्यांतील चूक सर्वस्वीं आमची होती. परंतु तीच चूक आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं या घटकेस चाललेली असण्याचा संभव आहे, म्हणून तो संकोच बाजूस ठेवून आरंभ करतों.

आमच्या थोरल्या काकू चौसष्ट वर्षांच्या. संध्याकाळीं ओसरीवर बसल्या असतां फाटकाशीं कोण आलें हें त्या घरांतल्या तरुण मंडळींच्या आधीं ओळखीत. "मधले जांवई आले, चहा टाका," असें त्यांनीं म्हणावें आणि आम्हीं मागाहून फाटकाकडे पाहावें, हा प्रकार नित्याचा. त्याच काकू दुपारीं बाराच्या सुमारास अंगणांत कुरडया वाळत घालीत असतां समोर येऊन उभ्या राहिलेल्या सख्ख्या पुतण्याला "कोण पाहिजे आपल्याला?" असें विचारत्या झाल्या. पहिल्या वेळीं सर्वजण हंसले. दुसऱ्या तिसऱ्या वेळीं मुलांनीं त्यांना दिवाभीत हें नांव ठेवलें. पुढें हंसण्याची जागा तर्कानें घेतली. अंधार पडतां पडतां जिला वीस हातांवरचा माणूस ओळखूं येतो, तिला लख्ख उन्हांत दोन हातांवरचा ओळखूं येऊं नये, हें कसें? उन्हांतलीं कामें टाळण्याची ही युक्ति तर नव्हे? हा शेवटचा प्रश्न, कबूल करावयास हवें, आमच्याच तोंडून निघाला. काकूंनीं तो ऐकला आणि कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून त्या कोणी न सांगतां दुपारच्या उन्हांत कामाला जाऊं लागल्या, आणि आठवड्याभरानें मागच्या दाराच्या पायरीवरून पडून त्यांनीं उजवें मनगट मोडून घेतलें.

वाचण्याची तक्रार त्याच्याही आधींची होती. तीपायीं चष्मा दोनदां बदलला. उजेड कमी पडत असेल म्हणून आम्हीं त्यांच्या पोथीच्या चौरंगाजवळ एक नवा प्रखर दिवा आणून ठेवला, तर त्या म्हणाल्या, "बाबा, हा काढ बरें, याच्यापुढें अक्षरें पुसल्यासारखीं होतात." नव्या वस्तूविषयीं वडील माणसांना वाटणारा नेहमींचा तिटकारा म्हणून आम्हीं तें बोलणें सोडून दिलें. चष्म्यासाठीं जेथें तपासणी झाली त्या खोलींत पडदे ओढलेले होते आणि भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता होता. काकूंनीं शेवटून दुसरी ओळ बिनचूक वाचली आणि "वयाच्या मानानें नजर उत्तम" असा शेरा मिळाला. त्या शेऱ्यानें आमच्या संशयास बळकटीच आली.

आतां डोळ्याच्या रचनेचा थोडा विचार केला पाहिजे. निरोगी डोळ्याची गोष्ट काकूंच्या अगदीं उलट असते. उजेड वाढत जाईल तसतसें त्यास अधिक बारीक दिसूं लागतें. याचें एक कारण डोळ्याच्या पडद्यांत आहे. त्या पडद्यावर प्रकाश जाणणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारें बारा कोटी; त्या मंद उजेडांत उपयोगी, परंतु त्यांना रंग कळत नाहीं व बारकावाही कळत नाहीं. शंकुपेशी सुमारें साठ लाखच. पण रंग आणि रेखीवपणा हें सगळें त्यांचें काम, आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. पडद्याच्या ज्या मधल्या बिंदूनें आपण अक्षर वाचतों त्या ठिकाणीं दंडपेशी मुळींच नसतात, शंकुपेशींचीच दाटी असते. दुसरें कारण बाहुलीचें. अंधारांत तरुण माणसाची बाहुली सात-आठ मिलिमीटर रुंद होते. उन्हांत ती दोनांवर येते. छिद्र लहान झालें म्हणजे भिंगाच्या कडेकडून येणारे वांकडे किरण अडतात आणि चित्र रेखीव पडतें. दोन-तीन मिलिमीटरची बाहुली ही नजरेच्या दृष्टीनें सर्वांत सोयीची. चष्मा सांपडेनासा झाला म्हणजे मूठ वळून तिच्या बारीकशा फटींतून पत्राची ओळ वाचणारे आजोबा पुष्कळांनीं पाहिले असतील. त्यांत तत्त्व हेंच आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्याच्या नजरेंत केवळ चष्म्याचा दोष आहे, त्याला उन्हांत बहुधा बरेंच दिसतें, कारण त्याची बाहुलीच त्याला अर्धा चष्मा पुरविते. त्याची खरी पंचाईत तिन्हीसांजेला होते. म्हणून ज्याला उन्हांत कमी व सांजेला अधिक दिसतें, त्याचा रोग चष्म्याच्या दुकानांत बरा व्हावयाचा नाहीं. एका जाड कागदास टांचणीनें छिद्र पाडून त्यांतून दूरची पाटी पाहावी. अक्षरें स्पष्ट झालीं तर दोष चष्म्याचा असण्याचा संभव अधिक. होतीं त्याहूनही पुसट झालीं तर डोळ्याच्या आंत पाहणाऱ्या डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. ही घरगुती कसोटी आहे, निदान नव्हे, हें ध्यानांत असूं द्यावें.

मनगटाचें प्लास्टर निघाल्यावर आम्ही काकूंना दुसऱ्या एका नेत्रवैद्यांकडे घेऊन गेलों. त्यांनीं तक्ता वाचवून घेतला, आणि मग एक साधी गोष्ट केली, जी पूर्वीं कोणी केली नव्हती. एका डोळ्याच्या बाजूनें विजेरीचा झोत धरून तोच तक्ता पुन्हां वाचावयास सांगितला. काकूंच्या चार ओळी कमी झाल्या! दोन्ही डोळ्यांची तीच गत. मग त्यांनीं बाहुली मोठी करणारे थेंब घातले. अर्ध्या तासानें त्या अंधाऱ्या खोलींत काकू आपण होऊन म्हणाल्या, "आतां समोरचें चांगलें दिसतें आहे." यंत्रांतून पाहतां भिंगाच्या मागच्या बाजूस, अगदीं मध्यभागीं, तांदळाच्या कणीएवढा धुरकट डाग आढळला. दुसऱ्या डोळ्यांतही तसाच, जरा लहान.

हाही मोतीबिंदूच, पण नेहमींच्या मोतीबिंदूहून निराळ्या जातीचा. हिशेब करून पाहिला म्हणजे काकूंचें कोडें सुटतें. डाग दोन मिलिमीटरचा समजूं. उन्हांत बाहुलीही दोनच मिलिमीटरची झाली म्हणजे सगळें दार डागानेंच भरलें. सांजेला बाहुली सहा मिलिमीटर झाली म्हणजे दाराचें क्षेत्र नऊपट झालें. डागानें त्याचा नववा हिस्सा अडविला आणि आठ हिस्से मोकळे राहिले. फाटकावरचे जांवई त्या आठ हिश्श्यांतून दिसत होते. वाचण्याचेंही असेंच आहे. जवळच्या वस्तूकडे नजर लावली म्हणजे बाहुली आपोआप लहान होते. त्यांत आम्हीं नवा दिवा आणून तिला आणखीच लहान करीत होतों. पडदे ओढलेल्या खोलींत काकूंना शेवटून दुसरी ओळ कां वाचतां आली, हें वाचकांस आतां सांगावयास नको. खोटें कोणीच बोललें नव्हतें. तक्त्यानें फक्त अंधारांतली साक्ष दिली होती.

दुसऱ्या एका कारणाचा संबंध बाहुलीशीं नसून प्रकाशाच्या विखुरण्याशीं आहे. एसटीच्या गाडीची पुढली कांच धुळीनें माखलेली असली तरी सकाळीं त्यांतून रस्ता बरा दिसतो. सूर्य समोर आला कीं तीच कांच पांढरी भिंत होते. धूळ वाढली नाहीं. तिच्यावर ऊन पडलें. डोळ्याच्या पारदर्शक भागांत, म्हणजे पुढल्या पडद्यांत किंवा भिंगांत, किंचित् गढूळपणा असला म्हणजे उजेड तेथें विखुरला जाऊन पाहावयाच्या चित्रावर पांढरट झांक पसरते. जुनी फुली किंवा व्रण, बुबुळावर चढत चाललेली मांसाची वाढ, वयोमानानें पिंवळें पडलेलें भिंग, हीं सर्व याच सदरांत येतात. अश्रूंचा थर लवकर वाळत असेल तरी असेंच होतें. परंतु त्यांत पापणी मिटून उघडली कीं क्षणभर स्वच्छ दिसतें, ही त्याची खूण. रात्रीं समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनीं वृद्ध चालकांना रस्ता दिसेनासा होतो तोही याच जातीचा प्रकार.

ही झांक प्रकाशाचा उगम नजरेच्या रेषेपासून दूर गेला म्हणजे फार झपाट्यानें कमी होते. या नात्याचें गणित हॉलडे यांनीं १९२६ मध्यें आणि स्टाइल्स यांनीं १९२९ मध्यें मांडलें. कोन दुप्पट झाला कीं झांक सुमारें चौथ्या हिश्श्यावर येते. आमच्या आज्या उन्हांत पदर कपाळावर पुढें ओढीत आणि शेतांतला माणूस कपाळाशीं आडवा तळवा धरून पाहतो, त्यांना हें गणित ठाऊक नव्हतें, पण उपाय बरोबर होता. काळ्या चष्म्याहूनही तो एका अर्थानें सरस आहे, कारण काळी कांच चित्र आणि झांक दोहोंनाही सारखेंच मंद करिते, तर तळवा फक्त झांकेचें मूळ अडवितो. अर्थात् काकूंसारख्या डागाला काळ्या कांचेचा फायदा होतो, कारण तिच्याआड बाहुली मोठी होते. मोबाईलचा पडदा उन्हांत दिसत नाहीं अशी तक्रार घेऊन मात्र कोणी नेत्रवैद्यांकडे जाऊं नये. तो दोष मोबाईलचा आहे.

जन्मतःच शंकुपेशी काम करीत नाहींत अशीं मुलेंही असतात. त्यांना रंग कळत नाहींत, उन्हांत डोळे उघडवत नाहींत, बुबुळें सारखीं हालत असतात. दिवस कलला म्हणजे तींच मुलें मोकळेपणानें खेळतात. रातांधळ्यासाठीं आपल्या भाषेंत जसा स्पष्ट शब्द आहे तसा यासाठीं दिवांध हा आहे. युरोपांत या दोहोंचा पुष्कळ घोंटाळा झाला. इंग्रजींत जो ग्रीक शब्द दिवांधत्वाला लावतात तोच फ्रेंच लोक रातांधळेपणाला लावतात. पॅसिफिक महासागरांत पिंगेलॅप नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. तेथें १७७५ च्या सुमारास भयंकर वादळ झालें आणि त्यानंतरच्या उपासमारींतून अवघीं वीसेक माणसें वांचलीं. त्यांपैकीं एकाच्या अंगीं हा दोष बीजरूपानें होता. पुढें त्याच थोड्या घरांत आपसांत लग्नें होत गेलीं, आणि जगांत इतरत्र तीस-चाळीस हजारांत एखाद्याला होणारा हा विकार तेथें दर शंभरांत पांच ते दहा जणांना झाला. ही माणसें रात्रीच्या मासेमारींत मोठीं तरबेज म्हणून नांवाजलेलीं. ऑलिव्हर सॅक्स या वैद्यानें त्यांजवर एक सबंध पुस्तक लिहिलें. त्याच्याबरोबर त्या बेटावर गेलेला नॉर्वेचा शास्त्रज्ञ क्नुट नोर्डबी हा स्वतःच जन्मापासून दिवांध होता.

हें दूरच्या बेटाचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. मामाची मुलगी करण्याची चाल आमच्याकडील कित्येक देशस्थ घराण्यांत पिढ्यान् पिढ्या होती, व अजूनही ती अगदींच गेली आहे असें नाहीं. आई आणि बाप दोघांकडूनही तेंच सदोष बीज आलें तरच हा विकार प्रकट होतो, आणि नात्यांतल्या लग्नांत तसें होण्याचा संभव वाढतो. असें मूल शाळेच्या पटांगणांत डोळे चोळीत उभें राहतें आणि गुरुजी त्याला आळशी ठरवितात. गडद तांबड्या कांचेचा चष्मा दिल्यानें अशा मुलांना उन्हांत वावरणें पुष्कळ सुकर होतें. विकार जात नाहीं, पण शाळा सुटत नाहीं.

आणखी दोन-चार कारणें धांवतीं सांगून टाकतों. पडद्याच्या मधल्या भागास रोग झाला असतां प्रखर उजेडानंतर नजर परत येण्यास फार वेळ लागतो. निरोगी डोळा एखाद्या मिनिटाच्या आंत सांवरतो. खग्रास वा खंडग्रास ग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहिल्यानें तेथेंच भाजतें, आणि तें दुखत नाहीं म्हणून कळत नाहीं. धोतऱ्याचा चीक किंवा रस हातास लागून तो हात डोळ्यास लागला तर बाहुली रुंद होऊन बसते. मग ऊन सोसत नाहीं आणि जवळचें दिसत नाहीं. बागेंत फुलें काढणाऱ्या मुलींना हें सांगून ठेवावें. हृदयरोगावरील डिजिटॅलिसच्या औषधानें पिंवळट-हिरवें दिसूं लागतें हें विदरिंगनें १७८५ मध्येंच लिहून ठेवलें आहे. त्याचें प्रमाण अधिक झालें तर उजेडांत डोळेही दिपतात. डोळा लाल होऊन दुखत असेल व उजेड सोसत नसेल तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. तेथें घरगुती कसोट्या करीत बसूं नये.

पुन्हां काकूंकडे वळतों. डाग सांपडल्यावर डॉक्टरांनीं विचारलें, "मधुमेह आहे का?" नाहीं. "दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्या?" नाहीं. "डोळ्यांत कांहीं घालतां का?" यावर काकूंनीं पिशवींतून एक लहानशी बाटली काढून टेबलावर ठेवली. सहा वर्षांपूर्वीं चैत्रांत त्यांचे डोळे खाजत होते, तेव्हां कोणा डॉक्टरांनीं दहा दिवसांकरितां ती लिहून दिली होती. दोन थेंबांत खाज थांबे, म्हणून ती पुढें दर उन्हाळ्यांत, मग दर महिन्यांत येऊं लागली. जुनी चिठ्ठी केव्हांच हरवली होती. कोपऱ्यावरचा औषधवाला रिकामी बाटली पाहून नवी देई. हें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकणें कायद्यास धरून नाहीं, पण बाटली आणावयास आम्हीच जात होतों, तेव्हां दोष एकट्या विकणाऱ्यावर कसा टाकावा?

त्या थेंबांत स्टेरॉइड होतें. हें औषध वाईट नव्हे. योग्य वेळीं त्यानें डोळे वांचतात. कॉर्टिझोन १९४८ मध्यें प्रथम संधिवाताच्या रोग्यास दिलें गेलें तेव्हां तो चमत्कारच वाटला आणि १९५० मध्यें त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या रोग्यांत भिंगाच्या मागच्या बाजूस नेमका असाच डाग पडतो, हें १९६० मध्यें अमेरिकेंतील ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें. थेंबांनींही तोच परिणाम होतो. शिवाय कित्येकांत डोळ्यांतील दाब वाढून कांचबिंदू होतो, आणि कांचबिंदूनें गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं. आमच्या भगिनींनीं आपल्या फडताळांतील डोळ्यांच्या औषधाची बाटली काढून तिजवरील बारीक अक्षरें वाचावीं. डेक्झामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन यांपैकीं नांव आढळलें तर ती बाटली घेऊन डॉक्टरांकडे जावें. फार दिवस चालू असेल तर मनानें एकदम बंद करूं नये, त्यांच्या सल्ल्यानें करावें.

तेथेंच, खुर्चीवरून उठतां उठतां, काकू म्हणाल्या, "धाकट्याच्या बाळूलाही यांतलेच दोन थेंब घालतें हो मी. तोही फार डोळे चोळतो." एकत्र कुटुंबांत बाटली एकाची नसते, हें आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. बाळू नऊ वर्षांचा. दुसऱ्या दिवशीं त्याला नेऊन दाब मोजला. पाऱ्याच्या मापानें दहा ते एकवीस मिलिमीटर हा सामान्य दाब. त्याच्या उजव्या डोळ्यांत अठ्ठावीस व डाव्यांत सव्वीस निघाला. दुखणें नाहीं, लाली नाहीं, अंधुकपणाही नाहीं. दोन वर्षें तो ते थेंब घेत होता. डॉक्टरांनीं थेंब थांबविले, खाजेसाठीं दुसरें, स्टेरॉइड नसलेलें औषध दिलें, आणि थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवावयास सांगितलें.

काकूंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आषाढांत झाली. डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविण्याची कल्पना हॅरोल्ड रिडले यांनीं लंडनमध्यें १९४९ सालीं प्रथम अमलांत आणली. लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिकच्या छताचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षें निमूट राहतात, हें पाहून त्यांना ती सुचली होती. आमच्या आजीला मोतीबिंदू काढल्यावर जन्मभर जाड भिंगांचा चष्मा वागवावा लागला. काकू दुसऱ्या दिवशीं पट्टी सोडून घरीं आल्या. त्यांची पहिली तक्रार अशी कीं, देवघराची भिंत कोणी निळीनें रंगविली? पिंवळसर भिंगांतून वर्षानुवर्षें पाहिलेला पांढरा रंग नव्या भिंगांतून निळा वाटतो. तें कांहीं दिवसांत जातें असें डॉक्टर म्हणाले, आणि गेलेंही. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर व्हावयाची आहे.

आम्ही एके दिवशीं दुपारीं अंगणांत उभे राहून काकूंची क्षमा मागितली. त्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर पंचा पसरीत होत्या. "बाजूला हो," त्या म्हणाल्या, "तुझी सांवली पडते आहे."

बाळूचा दाब सहा आठवड्यांनीं पुन्हां मोजला. दोन्ही डोळ्यांत सोळा. पुढली तारीख काकूंनीं भिंतीवरील दिनदर्शिकेवर स्वतःच्या हातानें लिहून ठेवली आहे.